संगणकावरील चित्रपट व संगीत : ध्वनिपातळीचा मेळ

संगणकावर एखादा चित्रपट लावावा, त्यातील संवाद नीट ऐकू यावेत म्हणून आवाजाची पट्टी जवळजवळ टोकाला न्यावी, आणि चित्रपट संपल्यावर त्याच संगणकावर एखादे गीत लावावे, तो ते इतक्या मोठ्याने सुरू व्हावे की हात आपोआप पट्टीकडे जावा, हा अनुभव आज घरोघरीचा झाला आहे. याच्या उलट क्रमही तितकाच परिचित आहे. गीत ऐकून झाल्यावर चित्रपट लावला की त्यातील पात्रे कुजबुजत आहेत असे वाटते. या प्रकाराचे खापर बहुधा संगणकावर, ध्वनिक्षेपकांवर किंवा चित्रपटाची प्रत काढणाऱ्यावर फोडले जाते. क्वचित ते योग्यही असते. परंतु बहुतेक वेळी यंत्रात कोणताच दोष नसतो. दोन निरनिराळ्या व्यवसायांनी, आपापल्या गरजेनुसार, ध्वनीची सरासरी पातळी कोठे ठेवावी याविषयी दोन निरनिराळे संकेत रूढ केले. आणि ते दोन्ही संकेत आता एकाच पेटीतून व एकाच पट्टीच्या ताब्यात आपल्यापुढे येतात, इतकेच. हे संकेत कोणते, त्यांतील अंतर किती, आणि ते भरून काढताना काय राखता येते व काय गमवावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मापाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. अंकीय ध्वनिमुद्रणात ध्वनिलहरीची उंची ठराविक अंतराने मोजून ती पूर्णांकाच्या रूपाने नोंदविली जाते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर हे मापन सेकंदास ४४,१०० वेळा होते व प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते; चित्रपटाच्या ध्वनीसाठी सेकंदास ४८,००० मापांची प्रथा आहे. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मावतात. त्यांतील टोकाची पायरी हे या पद्धतीचे छत होय. त्याच्या वर काहीही लिहिता येत नाही. म्हणून या क्षेत्रात छतालाच शून्य डेसिबेल मानतात आणि बाकीच्या सर्व पातळ्या छताखाली किती, हे ऋण अंकांनी सांगतात. लहरीचा परमप्रसर निम्मा झाला की पातळी ६ डेसिबेलांनी उतरते; त्यामुळे १६ बिटांच्या नोंदीत छतापासून तळापर्यंत सुमारे ९६ डेसिबेलांचे अंतर पडते. कानाचा हिशेब मात्र निराळा आहे. पातळी सुमारे १० डेसिबेलांनी चढली म्हणजे सामान्य श्रोत्यास आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. हे दोन आकडे, यंत्राचा ६ व कानाचा १०, वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढील विवेचनात ते वारंवार लागणार आहेत.

छत चित्रपटाला आणि संगीताला एकच आहे. प्रश्न आहे तो त्या छताखाली नित्याचा वावर कोणत्या उंचीवर ठेवावयाचा हा.

चित्रपटाच्या धंद्यात या प्रश्नाचे उत्तर चित्रपटगृहाने दिले. ज्या दालनात चित्रपटाचे ध्वनिमिश्रण होते तेथे, छताखाली २० डेसिबेलांवर ठेवलेला एक प्रमाण गोंगाट वाजवून, तो प्रेक्षकाच्या जागी ८५ डेसिबेल भरेल अशा रीतीने प्रत्येक पडद्यामागील ध्वनिक्षेपक जुळवून घेतात. याचा अर्थ असा की एकेक ध्वनिक्षेपक छतापर्यंत गेल्यास १०५ डेसिबेलांचा आवाज देऊ शकतो. मिश्रण करणारा मनुष्य आपल्या पट्टीला हात न लावता केवळ कानाने संवादांची उंची ठरवितो, आणि माणसाचे बोलणे ज्या उंचीवर स्वाभाविक वाटते त्या उंचीवर ते आपोआप येऊन बसते. ती उंची छताच्या बरीच खाली असते. उरलेली जागा मोकळी ठेवलेली असते ती मेघगर्जनेसाठी, आगगाडीसाठी, वाद्यवृंदाच्या उठावणीसाठी. या मोकळ्या जागेतच चित्रपटाच्या ध्वनीचे नाट्य आहे. कुजबूज आणि स्फोट यांत जर तीन-चार डेसिबेलांचेच अंतर उरले, तर स्फोटाने कोणी दचकणार नाही आणि कुजबुजीसाठी कोणी कान टवकारणार नाही.

घरापर्यंत पोचतानाही हा संकेत टिकून राहिला. डीव्हीडीवर रूढ झालेल्या डॉल्बी डिजिटल पद्धतीत ध्वनीबरोबर संवादांच्या सरासरी पातळीचा अंक लिहून ठेवलेला असतो, आणि तो वाचून यंत्राने संवाद छताखाली ३१ डेसिबेलांवर आणावेत अशी योजना आहे. नेटफ्लिक्स या संस्थेने निर्मात्यांस घालून दिलेल्या नियमानुसार संवादांची सरासरी उणे २७ च्या आसपास, दोन अंश इकडेतिकडे, असावी लागते. म्हणजे संवाद हळू असणे ही कोणाची हयगय नसून आखलेली व्यवस्था आहे.

यात संगणकावर आणखी एक भर पडते, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चित्रपटाचा ध्वनी बहुधा सहा मार्गांचा असतो: पुढे डावा, उजवा व मधला, मागे दोन, आणि केवळ खर्जातील गडगडाटासाठी एक. संवाद जवळजवळ सर्वस्वी मधल्या मार्गात असतात. संगणकाला जोडलेले ध्वनिक्षेपक मात्र दोनच, किंवा कानांवर हेडफोन. तेव्हा सहा मार्गांचे दोन करावे लागतात. प्रचलित पद्धत अशी की, डाव्या बाजूस डावा मार्ग पूर्ण घ्यावयाचा, त्यात मधला मार्ग ०.७०७ ने गुणून मिळवावयाचा, आणि मागचा डावा मार्गही तितक्याच प्रमाणात मिळवावयाचा. खर्जाचा मार्ग बहुधा सोडूनच देतात. उजव्या बाजूसही तसेच. आता हे तिन्ही मार्ग एकाच क्षणी छताला भिडले तर बेरीज १ + ०.७०७ + ०.७०७ म्हणजे २.४१४ होईल आणि छत ओलांडले जाईल. तो प्रसंग येऊच नये म्हणून काही प्रणाली सर्व बेरीज आधीच २.४१४ ने भागून ठेवतात. याचा परिणाम संवादांवर काय होतो ते पाहावे. मधल्या मार्गाचा गुणक ०.७०७ भागिले २.४१४, म्हणजे ०.२९३ एवढाच राहतो. संवाद प्रत्येक बाजूस १० डेसिबेलांहून थोडे अधिकच उतरतात. तोच संवाद दोन्ही ध्वनिक्षेपकांतून येत असल्यामुळे त्यातील काही भाग भरून निघतो, सर्व निघत नाही. आधीच खाली ठेवलेला संवाद असा आणखी एक मजला उतरतो. क्वचितच येणाऱ्या एका प्रसंगाच्या भयाने संपूर्ण चित्रपट हळू करावयाचा, हा सौदा प्रस्तुत लेखकास तरी महाग वाटतो. बेरीज न भागता छताजवळ येणारी शिखरे तेवढी हळुवारपणे आवरणे अधिक बरे, आणि कित्येक प्रणालींत तशी निवडही करता येते. चित्रपटाबरोबर दोन मार्गांचा स्वतंत्र ध्वनी दिलेला असेल तर संगणकावर तोच निवडावा, हे त्याहूनही सोपे.

संगीताच्या धंद्याने नेमका उलट रस्ता धरला. ध्वनिमुद्रिका कोठे, कोणत्या यंत्रावर वाजेल याचा काहीच ठाव नसल्यामुळे तेथे चित्रपटगृहासारखी जुळवून घेतलेली पातळी कधीच नव्हती. एकापाठोपाठ वाजणाऱ्या दोन गीतांत जे मोठे ते प्रथमदर्शनी अधिक उठावदार भासते, हे मात्र सर्वांस ठाऊक होते. छत तर ओलांडता येत नाही. मग उपाय एकच उरतो. शिखरे दाबून टाकावयाची आणि त्यामुळे जी जागा मोकळी होईल तितके सगळे गीत वर उचलावयाचे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अंकीय साधनांनी हे काम फार सुकर केले, आणि प्रत्येक नवी ध्वनिमुद्रिका मागच्यापेक्षा मोठी, अशी चढाओढ लागली. मेटॅलिका या वाद्यवृंदाची २००८ मधील ‘डेथ मॅग्नेटिक’ ही ध्वनिमुद्रिका या चढाओढीचे ठळक उदाहरण म्हणून नेहमी दाखविली जाते. तिच्यातील ध्वनी इतका दाबलेला होता की, त्याच गीतांची एका संगणकीय खेळात वापरलेली, कमी दाबलेली आवृत्ती श्रोत्यांस अधिक स्वच्छ वाटली आणि मूळ मुद्रिकेविरुद्ध उघड तक्रारी झाल्या. अशा मुद्रिकांची सरासरी छताखाली अवघ्या आठ-दहा डेसिबेलांवर असते.

येथवर ‘सरासरी’ हा शब्द सैलपणे वापरला. ती मोजावयाची कशी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. शिखर मोजून भागत नाही, कारण कानाला शिखर ऐकू येत नाही. क्षणार्धाचा टाळीचा आवाज छताला टेकला तरी तो सतत चालणाऱ्या सनईइतका मोठा वाटत नाही. शिवाय कान सर्व कंप्रतांना सारखाच न्याय देत नाही. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वक्रांवरून हे स्पष्ट झाले की, खर्जातील स्वर मध्यम पट्टीतील स्वराइतका मोठा वाटावयास त्याची प्रत्यक्ष तीव्रता कितीतरी अधिक असावी लागते, आणि एकंदर आवाज जितका हळू तितका हा फरक वाढतो. पट्टी उतरविली की संगीतातील मृदंगाचा घुमारा आधी नाहीसा होतो व बोलणे त्यामानाने टिकून राहते, याचे कारण हेच. म्हणून चित्रपट व संगीत यांचा मेळ नेहमीच्या ऐकण्याच्या पातळीवरच बसवावा. मोठ्या आवाजात बसविलेला मेळ हळू आवाजात तसाच राहत नाही.

या सर्व गोष्टी जमेस धरून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये प्रबलता मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. ध्वनी आधी एका गाळणीतून नेतात. तीत अगदी खालचा खर्ज कमी होतो आणि सुमारे २,००० कंपनांच्या वरचा भाग चार-एक डेसिबेलांनी उचलला जातो, कारण श्रोत्याच्या मस्तकाच्या आकारामुळे तो भाग कानाशी तसाच उठून येतो. मग चारशे सहस्रांश सेकंदांचे, एकमेकांवर तीन-चतुर्थांश चढलेले तुकडे घेऊन प्रत्येकाची शक्ती मोजतात. २०११ मध्ये या पद्धतीत एक महत्त्वाची सुधारणा झाली. उणे ७० च्या खालचे तुकडे शांतता समजून वगळावयाचे, आणि उरलेल्यांच्या सरासरीपेक्षाही १० अंशांनी खाली असलेले तुकडे पुन्हा वगळावयाचे. या सुधारणेवाचून, लांब स्तब्धता असलेला चित्रपट कागदावर उगाच हळू ठरला असता. या मापाच्या एककास एलयूएफएस म्हणतात. त्याचा एक अंश म्हणजे एक डेसिबेलच.

युरोपातील प्रसारण संस्थांच्या संघाने २०१० मध्ये आपल्या कार्यक्रमांसाठी उणे २३ ही पातळी ठरविली. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या असू नयेत असा कायदा त्याच वर्षी झाला व डिसेंबर २०१२ पासून अंमलात आला. त्याचाही आधार हीच मापनपद्धत. आपल्याकडे केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातीचा आवाज फाजील मोठा असू नये असे एक कलम आहे. परंतु फाजील म्हणजे किती, हे त्या कलमात अंकांनी सांगितलेले नाही, आणि अंकावाचून असे कलम सद्भावनेपलीकडे फारसे जात नाही.

माप हाती आल्यावर आता अंतराचा हिशेब करता येतो. संगीत ऐकविणारी स्पॉटिफाय ही सेवा गीते साधारणपणे उणे १४ वर आणून ऐकविते. चित्रपट उणे २७ वर. अंतर १३ डेसिबेल, म्हणजे कानाला सुमारे अडीचपट. हे झाले दोन्ही बाजूंनी शिस्त पाळली तेव्हाचे. संगणकात आपण स्वतः साठविलेली, उणे ८ वर बसविलेली मुद्रिका त्याच चित्रपटानंतर लावली तर अंतर १९ डेसिबेलांवर जाते आणि संगीत जवळजवळ चौपट मोठे वाटते. त्यात वर सांगितलेल्या सहा मार्गांच्या बेरजेतील घट मिळविली तर अंतर आणखी वाढते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटना व दूरसंचार संघ यांनी मिळून सुरक्षित श्रवणासंबंधी जे मानक तयार केले आहे, त्यात प्रौढांसाठी ८० डेसिबेलांचा आवाज आठवड्यास ४० तास एवढी मर्यादा सांगितली असून, दर ३ डेसिबेल वाढीमागे ही मुदत निम्मी धरावयाची आहे. समजा, कोणी हेडफोन लावून चित्रपटातील संवाद ६७ डेसिबेलांवर, म्हणजे अगदी सुखाने, ऐकत आहे. त्याच पट्टीवर १९ डेसिबेलांनी मोठी मुद्रिका सुरू झाली तर ती ८६ डेसिबेल भरते, आणि आठवड्याची मुदत ४० तासांवरून १० तासांवर येते. कान हळूहळू त्या आवाजाला सरावतो. पट्टी खाली आणण्याचे स्मरण राहत नाही. आणि हानी होत आहे असे त्या वेळी काहीच जाणवत नाही. ज्यांना आधीच थोडे कमी ऐकू येते त्यांची अडचण तर दुहेरी होते, कारण संवादांसाठी पट्टी सर्वांत अधिक वर नेणारे तेच असतात.

आता उपायांकडे वळू. पहिला व स्वाभाविक विचार असा येतो की, चित्रपट हळू आहे तर तो वर उचलावा. व्हीएलसीसारख्या कार्यक्रमात पट्टी शंभराच्या पलीकडेही नेता येते, ती याचसाठी. परंतु शंभराच्या पलीकडे नेणे म्हणजे प्रत्येक नोंद एकाहून मोठ्या गुणकाने गुणणे. संवाद वर येतात हे खरे. पण चित्रपटात जेथे शिखरे आधीच छताजवळ आहेत तेथे ती छतावर आदळतात व सपाट कापली जातात. लहरीचा माथा कापला की मूळ ध्वनीत नसलेल्या वरच्या कंप्रता उत्पन्न होतात आणि आवाज फाटल्यासारखा येतो. वर उचलावयास जागा नाही, आणि जी आहे ती निर्मात्याने मुद्दाम राखून ठेवलेली आहे. खाली उतरविण्यास मात्र कोणतीच आडकाठी नाही. तेव्हा आमचे मत असे की, चित्रपटाला हात न लावता संगीत त्याच्या पातळीवर उतरवावे, आणि एकंदर आवाज कमी पडल्यास तो विवर्धकाच्या किंवा ध्वनिक्षेपकाच्या खुंटीने एकदाच वाढवून ठेवावा.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, अंकांच्या पातळीवर आवाज उतरविला तर बिटे वाया जातात. तत्त्वतः हे बरोबर आहे. ६ डेसिबेलांमागे एक बिट, या हिशेबाने १५ डेसिबेल उतरविल्यास अडीच बिटांवर पाणी सोडावे लागेल. परंतु विंडोजमध्ये, २००७ साली आलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून, ध्वनींचे मिश्रण ३२ बिटांच्या दशांश नोंदीत होते, आणि आजच्या बहुतेक संगणकांतील ध्वनियंत्रणा २४ बिटांत बाहेर पडू शकते. २४ बिटांचा आवाका १४४ डेसिबेलांचा. घरातील पंख्याचा आवाज त्या तळाच्या कितीतरी वर असतो. यंत्रणेची मांडणी १६ बिटांवर अडकलेली नाही ना, एवढे एकदा पाहून घेतले म्हणजे हा आक्षेप उरत नाही.

संगीत उतरविण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी पट्टी. विंडोजमध्ये ती व्हिस्टापासून आहे. लिनक्सवर पल्सऑडिओ व पुढे पाइपवायर यांनी ती दिली. येथे पट्टीच्या आकड्यांविषयी सावध राहावे लागते. निम्मी पट्टी म्हणजे निम्मा परमप्रसर असे सर्वत्र नसते. पल्सऑडिओत पट्टीच्या आकड्याचा घन हा गुणक असतो; ५० टक्क्यांवर तो एक-अष्टमांश होतो, म्हणजे १८ डेसिबेलांची घट. तेव्हा एका यंत्रावरचे आकडे दुसऱ्यावर नेऊ नयेत. शक्य तेथे डेसिबेलांतच पाहावे. या उपायाची दुसरी मर्यादा अशी की, चित्रफीत व गीत दोन्ही एकाच ब्राउझरमध्ये लावली असतील तर विंडोजच्या मिश्रकात साधारणतः दोहोंसाठी एकच पट्टी दिसते व त्यांना वेगळे करता येत नाही. यूट्यूबवर फार मोठ्या चित्रफिती उतरविल्या जातात, पण हळू असलेल्या वर उचलल्या जात नाहीत. म्हणून तेथे गीते एका पातळीवर येतात, आणि जुने व्याख्यान मात्र जेथे होते तेथेच खाली राहते.

वेगळी पट्टी संगीत व चित्रपट यांचा मेळ घालते, परंतु संगीतातल्या संगीतात जो बेमेळ असतो, एखादी मुद्रिका उणे ८ वर तर दुसरी उणे २० वर, त्यावर ती लागू पडत नाही. त्यासाठी रीप्लेगेन नावाची पद्धत आहे. डेव्हिड रॉबिन्सन यांनी ती २००१ मध्ये सुचविली. तीत ध्वनीच्या मूळ नोंदीला स्पर्श न करता, प्रत्येक गीताची प्रबलता मोजून, ते किती चढवावे वा उतरवावे याचा अंक तेवढा फाइलीत लिहून ठेवतात. वाजविणारा कार्यक्रम तो वाचून आपली पट्टी ठरवितो. गंमतीची गोष्ट अशी की, या पद्धतीची मूळ संदर्भपातळी रॉबिन्सन यांनी चित्रपटाच्या व्यवसायाकडूनच घेतली होती. ती ८३ डेसिबेल होती. पण तत्कालीन मुद्रिका इतक्या मोठ्या होत्या की तेवढे उतरविणे लोकांस फारच हळू वाटले, आणि व्यवहारात ती ६ डेसिबेलांनी वाढवून ८९ करण्यात आली. तसे झाले नसते तर आज हा लेख लिहिण्याचे प्रयोजन बरेच कमी राहिले असते. पद्धतीच्या नव्या आवृत्तीत लक्ष्य उणे १८ एलयूएफएस आहे. फूबार२००० किंवा एमपीव्ही यांसारख्या कार्यक्रमांत या अंकावर आणखी काही डेसिबेल सरसकट कमी करण्याची सोय आहे. तेथे उणे ९ घातले की सर्व संगीत उणे २७ वर, म्हणजे चित्रपटातील संवादांच्या शेजारी, येऊन बसते. प्रत्यक्षात तीन-चार अंश कमी उतरविणे कानाला बरे वाटते. कारण संगीत बोलण्याहून किंचित भरदार असावे अशीच आपली अपेक्षा असते.

रीप्लेगेनचे अंक दोन प्रकारचे असतात. एक एकेका गीताचा, दुसरा संपूर्ण मुद्रिकेचा. आपल्या संगीतात ही निवड विशेष विचाराने करावयास हवी. ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकेत पुष्कळदा विलंबित बंदिश एका भागात व द्रुत दुसऱ्या भागात दिलेली असते. गवयाने विलंबितात स्वर हळुवारपणे उलगडीत नेलेला असतो व द्रुतात ताना मोकळ्या सोडलेल्या असतात. एकेका भागाचा अंक लावला तर विलंबित वर येते, द्रुत खाली जाते, आणि दोन्ही सारख्याच मोठ्याने ऐकू येतात. बैठक जशी चढत गेली ती चढण यंत्राने सपाट करून टाकली, असे याचे फळ. अशा ठिकाणी संपूर्ण मुद्रिकेचाच अंक लावावा. निरनिराळ्या मुद्रिकांतून वेचलेली भावगीते एकामागून एक ऐकावयाची असतील तर मात्र एकेका गीताचा अंक योग्य.

आतापर्यंतचे सर्व उपाय एका जातीचे आहेत. त्यांत संपूर्ण ध्वनी एकाच गुणकाने वर वा खाली सरकतो. त्यातील लहानमोठ्याचे परस्पर प्रमाण बिघडत नाही. संपीडन हा दुसऱ्या जातीचा उपाय. त्यात गुणक क्षणोक्षणी बदलतो. ध्वनी मोठा झाला की तो खाली दाबतो, हळू झाला की वर उचलतो. विंडोजमधील ‘लाउडनेस इक्वलायझेशन’, व्हीएलसीतील संपीडक, दूरदर्शन संचांवरील रात्रीची योजना ही सर्व या जातीची. ती सुरू करताच चित्रपट व संगीत यांतील भेद चटकन मिटतो, म्हणून लोक तिच्याकडेच प्रथम वळतात. पण त्याबरोबर चित्रपटातील स्तब्धताही वर उचलली जाते. दोन वाक्यांमधल्या शांततेत पार्श्वभूमीचा सूक्ष्म गोंगाट फुगून येतो आणि पुढचे वाक्य सुरू होताच पुन्हा दबतो. हा श्वासासारखा चढउतार एकदा ध्यानात आला की मग तो ऐकू आल्यावाचून राहत नाही. तरीही संपीडनास सरसकट नावे ठेवणे योग्य नव्हे. शेजारच्या खोलीत तान्हे मूल निजले आहे आणि चित्रपट तर पाहावयाचा आहे, किंवा कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना संवाद समजावयास हवेत, अशा वेळी नाट्यापेक्षा शब्द महत्त्वाचे ठरतात. त्यासाठी ते वापरावे आणि काम झाल्यावर बंद करावे. संगीतावर ते मुळीच लावू नये. आजच्या बहुतेक मुद्रिका कारखान्यातच पुरेशा दाबलेल्या असतात.

ज्यांना आपल्या संग्रहातील चित्रफिती कायमच्या एका पातळीवर आणावयाच्या आहेत, त्यांच्यासाठी एफएफएमपेग या साधनातील लाउडनॉर्म ही गाळणी उपयोगी आहे. तीत एक खाच आहे. ती एकाच फेरीत चालविली तर पुढे काय येणार हे तिला ठाऊक नसल्याने ती गुणक बदलत जाते, म्हणजे न सांगता संपीडन करते. आधी एक फेरी केवळ मोजणीसाठी करून ते अंक दुसऱ्या फेरीत दिले, आणि मागितलेली पातळी शिखरांच्या मर्यादेत बसत असली, तरच ती सर्व ध्वनी एकाच गुणकाने सरकविते. मूळ प्रत मात्र जवळ ठेवावी.

जुन्या मराठी चित्रपटांचा प्रश्न याहून निराळा आहे. १९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. त्या काळी ध्वनी चित्राच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीने उमटविला जाई. त्या पट्टीचा आवाका आजच्या मानाने फारच अरुंद होता, आणि फिल्मच्या कणांचा व ओरखड्यांचा खरखराट सदैव तळाशी असे. अशा चित्रपटात संवाद व अभंग यांच्या पातळीत अंतरच थोडे. त्यामुळे संपूर्ण ध्वनी एकाच गुणकाने सरकविला तर तो आधुनिक चित्रपटापेक्षा सहज जुळतो. संपीडन मात्र येथे सर्वांत घातक. अभंगाच्या दोन चरणांमधील विरामात ते खरखराटालाच वर ओढते, आणि टाळांच्या आवाजाबरोबर तो खाली जातो. शिवाय हा ध्वनी मूळचा एकाच मार्गाचा आहे. संगणकावरील एखाद्या प्रतीत तो केवळ डाव्या बाजूस भरलेला आढळला, तर पातळीची चिकित्सा करण्यापूर्वी तो दोन्ही बाजूंस सारखा करून घ्यावा. एरवी मापनात तो सुमारे ३ अंशांनी हळू दिसतो आणि पुढचे सर्व गणित तेवढ्याने चुकते.